सैल पट्ट्यावरची मतं

सईला तिच्या अल्बमच्या कव्हरला जुन्या कॅसेटचा फोटो हवा होता म्हणून मी माळ्यावर चढलो. माझ्या वयाचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझ्या घेराचा माणूस माळ्यावर चढतो तेव्हा खाली कुणीतरी स्टूल धरून उभं राहायचं असतं. सई उभी होती. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात फोन, आणि लक्ष सगळं फोनमध्ये.

सई माझी मुलगी, तेवीस वर्षांची. गेलं वर्षभर ती खोलीचं दार लावून, खिडकीला गोधडी टांगून गाणी करत होती. गोधडी अशासाठी, की हडपसरातल्या रिक्षा गाण्यात शिरू नयेत. सात गाणी झाली. दिवाळीच्या आधी अल्बम येणार आहे. येणार म्हणजे तसा तो कुठेच येणार नाही. दुकानात नाही, पिशवीतून घरी नाही, हातात तर नाहीच. एका सकाळी फोनमध्ये दिसायला लागेल, इतकंच. ती सात गाणी तिने पंधरा दिवसांपूर्वी मला पाठवली होती, आणि मी ऐकून "छान" असं कळवलं होतं.

"बाबा, छान म्हणजे काय?"

"छान म्हणजे छान."

"सोसायटीच्या ग्रुपवर तू प्रत्येक रांगोळीला छान म्हणतोस. मला मत हवंय. अजून बदलता येतं, तोवर सांग."

घरात माझी ख्याती अशी, की या माणसाला कशाबद्दलच मत नाही. बायको म्हणते, आमटीत मीठ विसरलं तरी यांचं "छान" चुकत नाही. एके काळी हाच माणूस मतांसाठी अख्ख्या कॉलनीत प्रसिद्ध होता, हे मी दोघींना कधी सांगितलं नव्हतं. माळ्यावरच्या खोक्याने ते सांगून टाकलं.

खोकं लाकडाचं, अण्णा, म्हणजे माझे वडील, लेथ मशीनवर होते त्या कारखान्यात बेअरिंग येत असत त्यातलं. झाकण उघडलं तसा आधी तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला, मग जुन्या कागदाचा, आणि सगळ्यांच्या खाली, अगदी पुसट, लेथच्या तेलाचा. अण्णांच्या बोटांना तो कायम असायचा. साबणाने हात धुतले तरी आधी साबणाचा वास यायचा आणि थोड्या वेळाने परत तेलाचा. मी माळ्यावर वाकून बसलो होतो आणि माझ्या गुडघ्यांची तक्रार मला ऐकू येत नव्हती.

खोकं खाली उतरवल्यावर सईने एक कॅसेट उघडली, कव्हरचा कागद बाहेर काढला, उलटा केला.

"हे कुणी लिहिलंय पेन्सिलने?"

"आम्ही सगळ्यांनी."

आमच्याकडे नवी कॅसेट रविवारी वाजायची. अण्णा शनिवारी संध्याकाळी कारखान्यातून सुटले की हडपसरच्या गाडीतळावरच्या दुकानातून ती आणत. मेथीच्या जुड्या, मुळे आणि त्यांच्या वर कॅसेट, अशी पिशवी घरात यायची, त्यामुळे नव्या संगीताला आमच्याकडे थोडा मुळ्याचा वास असे. रविवारी सकाळी आई विळीच्या टोकाने तिच्यावरचा चकाकता कागद उलगडायची. तो कागद चुरगळताना होणारा आवाज मला पुढे कितीतरी वर्षं कुठल्याही गाण्याचा पहिला सूर वाटत असे. अण्णा कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टेपचं हेड पुसत, बोळ्यावर तपकिरी डाग उमटे, तो आम्हा सगळ्यांना दाखवत. मग बटण दाबायचं. खट्. आणि गाणं सुरू व्हायच्या आधीची ती सुरसुर, जणू खोलीत कुणीतरी चटई पसरतंय.

नियम अण्णांचा. पहिल्यांदा ऐकताना बोलायचं नाही. दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या. नंतर कव्हर उलटं करून आतल्या कोऱ्या जागेत प्रत्येकाने एक ओळ लिहायची, पेन्सिलने. आणि लिहिलेलं खोडायचं नाही. "लेथवर जॉबचं माप चुकलं तर चुकलं असं लिहून ठेवतात," अण्णा म्हणत, "खोडत नाहीत. मत म्हणजे काय वेगळं असतं का?"

सई एकेक कव्हर उलटं करत जमिनीवर मांडत गेली. गझला, चित्रपटातली गाणी, बासरी, भक्तिगीतं, त्या वेळी नव्याने आलेली पॉप. प्रत्येकाच्या पोटात आम्ही. अण्णांचं अक्षर तिरकं: "वादक मन लावून. गायक पगारावर." ताईचं ठाशीव: "दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. बाकी नसतं तरी चाललं असतं." आई फार लिहायची नाही, पण तिचं मत तिच्या कामावरून कळे. एका गझलांच्या कॅसेटवर तिने लिहिलं होतं, "कांदा करपला." याहून मोठी दाद तिने कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. एका फार गाजलेल्या कॅसेटवर होतं, "पोळ्या वेळेत झाल्या."

आणि मग मी. एका ओळीच्या नियमात तीन ओळी लिहिणारा, कडेला उभं, कोपऱ्यात आडवं, जागा संपली की कंपनीच्या पत्त्यावरून. वय एकोणीस, कॉलेज दुसऱ्या वर्षाला, आणि जगातल्या एकूण संगीताची जबाबदारी माझ्यावर. "आवाजात खर्जाचं गांभीर्य आहे, परंतु तालात उत्साहाची वानवा." एका पॉप गायिकेबद्दल मी लिहिलं होतं की तिच्या गळ्यात पुरुषी खोली आहे. मित्राकडून आणलेल्या एका इंग्रजी रॉक कॅसेटच्या कव्हरवर लिहायची सोय नव्हती, म्हणून चिठ्ठी जोडली होती: "या लोकांना दुःख फार दिसतं."

"बाबा, तू असा होतास?" सई म्हणाली. तिने फोन खाली ठेवला होता. हे वर्षातून दोनदा होतं.

कॉलनीतले लोक कॅसेट घ्यायच्या आधी आमच्या घरी डोकावत. "परीक्षक काय म्हणतात?" असं खिडकीतून विचारत, आणि मी आतून, शक्यतो दिसणार नाही अशा बेताने, मत सांगत असे. न दिसता बोललं की वजन येतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

टेपरेकॉर्डर आमचा जुना. एकदा त्याचा आतला रबरी पट्टा तुटला. मोटरची गती कॅसेटपर्यंत पोचवणारा तो बारीक पट्टा. दुकानात मिळेना, तेव्हा अण्णांनी सायकलच्या ट्यूबमधून एक नाजूक गोल कापला आणि बसवला. कारागिराचा हात; इतका सुबक कापला होता की आईने बांगडीसारखा मनगटाजवळ धरून बघितला होता. पुढची सहा-सात वर्षं आम्ही जे काही ऐकलं ते त्या ट्यूबवर. एप्रिल-मेमध्ये, पत्र्यावर कुरडया वाळत आणि खाली घर तापत असे, तेव्हा सगळे गायक दमल्यासारखे गात. हिवाळ्यात जरा तरतरी येई. आम्ही म्हणायचो, हवामानाचा गळ्यावर परिणाम होतोच. गाणं डिसेंबरात ऐकलं तर माझ्या लेखणीतून थोडी कौतुकाची ओळ यायची आणि मेमध्ये ऐकलं तर नाही. ताईने हे एकदा बोलून दाखवलं होतं. मी तिला म्हणालो, रसिकता ही ऋतूंशी जोडलेली असते. वाक्य मला इतकं आवडलं की ते मी पुढे दोन कव्हरांवर वापरलं.

खोक्याच्या तळाशी दत्तूकाकांची कॅसेट निघाली.

दत्तूकाका अण्णांच्या शेजारच्या लेथवर. मूळचे लोणी काळभोरचे, शेतकरी घरातले, राहायला आमच्याच कॉलनीत, दोन चाळी सोडून. मशीनच्या आवाजात गात. अण्णा सांगत की दत्तू गायला लागला की मशीन सुरात आहे की नाही ते कळतं. काकांनी एक कॅसेट काढली. आयुष्यात एकच. आठ गाणी, शब्द त्यांचेच. कव्हरवर काकांचा फोटो, शर्ट नीट खोचलेला, मागे फोटोग्राफरकडचा रंगवलेला धबधबा. पहिलं गाणं त्यांच्या मळ्यातल्या विहिरीचं.

कॅसेट घेऊन ते शनिवारीच आले. दारात उभे राहून म्हणाले, "अण्णा, उद्या ऐका. आन् कव्हरावर लिवा, समद्यांनी. लिहिल्याबिगर मला कळायचं न्हाई कशी झालीया."

रविवारी ऐकली. आईने लिहिलं, "विहिरीचं गाणं पुन्हा लावा." अण्णांनी लिहिलं, "मशीनवर याहून छान गातो." ताईने लिहिलं, "काका, फोटो चांगला." आणि मी लिहिलं, एकाच ओळीत, कारण मला ती फार जमून आल्यासारखी वाटली: "आवाज गोड, पण गायकाला घरी जायची घाई नाही."

संध्याकाळी काका आले. खिडकीशी उजेडात उभे राहून त्यांनी कव्हर वाचलं. माझ्या ओळीपाशी थांबले. मग हसले. "खरं हाय परीक्षकसाहेब," म्हणाले, "रेंगाळतंय म्हना की." कव्हर घडी घालून परत डबीत ठेवलं. चहा न घेता गेले. काकांनी आमच्याकडे चहाला नाही म्हटल्याचं मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

त्या वर्षी गणपतीत कॉलनीच्या मंडपात त्यांचा कार्यक्रम होता. तबल्याला कारखान्यातलेच एक होते. काकांनी विहिरीचं गाणं सुरू केलं आणि ते धावत सुटले. शब्द शब्दावर आदळत होते, तबलजी घाम पुसायलाही हात उचलू शकत नव्हता. आठ गाणी पाऊण तासाच्या आत संपली. लोकांना हसावं की टाळ्या वाजवाव्यात ते कळेना; त्यांनी थोडं थोडं दोन्ही केलं. मोदकाचा वास, धुपाचा वास, आणि स्टेजच्या कडेला रुमालाने मान पुसणारे काका. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारल्यासारखं. मी मान डोलावली. बरं झालं, अशा अर्थाने.

त्यानंतर काका मंडपात गायले नाहीत.

महिन्याभराने मी दाढीला सलूनमध्ये बसलो होतो. अर्ध्या चेहऱ्याला साबण, अर्धा झालेला. मालकाने नवा प्लेअर आणला होता, त्याने कॅसेट लावली. मोकळा, चढा, हसरा आवाज. गाणं असं चाललं होतं जसं भरलेली घागर न हिंदकळवता कुणी झपझप घरी नेतंय. मी विचारलं, "हा कोण हो?"

"तुमच्या कॉलनीतले दत्तूकाका की. तुमच्याकडे नाही ऐकली?"

ऐकली होती. आमच्याकडे ऐकली होती, हीच अडचण होती. घरी जाऊन मी कॅसेटची एक बाजू लावली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. तीस मिनिटांची बाजू तेहतीस मिनिटं चालली. ट्यूबचा पट्टा सैल होता, फिरताना घसरत होता. सहा-सात वर्षं आम्ही सगळ्या जगाचं गाणं संथ आणि खालच्या पट्टीत ऐकत होतो आणि त्यावर पेन्सिलने निकाल देत होतो. खर्जाचं गांभीर्य ट्यूबचं होतं. इंग्रजी माणसांचं दुःख ट्यूबचं होतं.

मी अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ टेपचं मागचं झाकण उघडून आत बघत राहिले. मग म्हणाले, "दत्तूला सांगायला हवं."

"मी सांगतो," मी म्हणालो.

ते सांगणं राहिलं. कसं राहिलं याला काही कारण नाही. रोज दिसत होते, तेच कारण असेल. मग काका निवृत्त होऊन लोणीला गेले, अण्णा गेले, आई वारज्याला ताईकडे राहायला गेली, कॉलनीच्या जागी बारा मजले उभे राहिले. मी फक्त एक केलं. त्या सलूननंतर मी मत देणं सोडलं. सगळ्याला छान म्हणायला लागलो. लोकांना मी मवाळ झालो असं वाटलं.

हे सगळं मी सईला सांगितलं, स्टुलावर बसून, मांडीवर काकांची कॅसेट. तिने मधे एकदाही फोन उचलला नाही.

"काका आहेत अजून?"

"आहेत. ऐंशीच्या आसपास असतील."

"मग?"

मी आईला फोन लावला. वारज्याच्या फोनमागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"आता इतक्या वर्षांनी जाऊन काय करणारेस?" आई म्हणाली.

"सांगणार आहे."

"मग टेप घेऊन जा. नुसतं तोंड घेऊन जाऊ नकोस." थोडं थांबून म्हणाली, "आणि त्यांना सांग, माझं 'पुन्हा लावा' अजून तसंच आहे."

माळ्यावरच पडून असलेल्या टेपमधला जुना पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. तो खरवडून काढताना माझी बोटं काळी झाली, त्यांना तेलाचा वास यायला लागला, आणि मी ती लगेच धुतली नाहीत. सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणली. माझा गोल अण्णांइतका सुबक झाला नाही. सई म्हणाली, पोह्याच्या पापडासारखा दिसतोय. पण टेप फिरली. खट्, सुरसुर, आणि मग तोच, खाली उतरलेला, सावकाश आवाज.

रविवारी सोलापूर रस्त्याने निघालो. सई गाडी चालवत होती, टेप माझ्या मांडीवर, लहान मुलासारखी. लोणीत काकांचं घर आता दोन मजली आहे, पुढे उसाऐवजी कॉलेजच्या पोरांची होस्टेलं. काका ओट्यावर खुर्चीत. बारीक झालेत. खांदे मात्र लेथवाल्याचेच.

"या परीक्षकसाहेब," ते म्हणाले. "लई दिसांनी तपासणी."

चहा आला. या वेळी तो मी बाजूला ठेवला. मी सांगितलं. पट्टा, ट्यूब, सलून, तेहतीस मिनिटं. सगळं एका दमात, काकांच्या गणपतीतल्या गाण्यासारखं. "काका, तुमचं गाणं रेंगाळत नव्हतं. आमची टेप रेंगाळत होती. आणि मला त्या गणपतीनंतर महिन्याभरात कळलं होतं."

काकांनी बशी खाली ठेवली. "पळालो खरा मी तवा," ते म्हणाले. "अन्नानं लिवलं असतं तर हसून सोडलं असतं. तू शिकलेला. म्हटलं, पोराला दिसतंय ते आपल्याला दिसंना."

"नंतर गायलाच नाहीत?"

"गायलो की. मळ्यात. म्हशींना घाई नसती." मग टेपकडे बोट दाखवून म्हणाले, "हीच का ती? लाव. तुमाला कसं ऐकू आलं ते मला कुठं ठाव हाय."

मी बटण दाबलं. सुरसुर झाली. विहिरीचं गाणं सुरू झालं, जड, ओलं, खोल. काका मान तिरकी करून ऐकत होते, बिघडलेल्या मशीनला कान लावावा तसे. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला त्यांचे ओठ हलले. तिसऱ्याला ते गायला लागले.

ऐंशी वर्षांचा गळा. पट्टी खाली उतरलेली, श्वास दोन शब्दांत थांबणारा. आणि टेपमधला आवाज आणि खुर्चीतला आवाज एकावर एक बरोबर बसले. कुठे फट नाही. तो पट्टा नेमका त्या लयीपर्यंत सैल होता, जिथे काका आत्ता पोचले होते. ज्या विहिरीवरचं ते गाणं होतं, ती बुजवून वर होस्टेलचं पार्किंग झालंय, काकांनी मघाशीच दाखवलं होतं. तिथे दोन पोरं गाडीवर बसून ऐकत होती. सईने फोन काढला नाही. मी पाहिलं.

गाणं संपल्यावर काकांनी कव्हर मागितलं. चष्मा लावला, ओळ मोठ्याने वाचली. "आवाज गोड, पण गायकाला घरी जायची घाई नाही." कागद मांडीवर ठेवून त्यांनी ओट्याकडे, रस्त्याकडे, पार्किंगकडे पाहिलं.

"बराबर हाय की," ते म्हणाले. "कुठं हाय घाई." आणि आतल्या सुनेला हाक मारून आणखी चहा सांगितला.

आईचा निरोप दिला तेव्हा त्यांनी गाणं खरोखरच पुन्हा लावायला लावलं.

परत येताना मी सईची सात गाणी लावली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न बोलता. दुसरी बाजू नसल्यामुळे मधे उठायची सोय नव्हती. हडपसरच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा शेवटचं गाणं संपलं.

"पाचवं गाणं मला पुन्हा ऐकायचंय," मी म्हणालो. "चौथं पळतंय. कुणीतरी मागे लागल्यासारखं. आणि तुझा आवाज चांगला आहे, त्याच्यावर इतकं सामान टाकू नकोस."

ती समोर बघत होती. सिग्नल सुटला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी तिने गाडी हलवायला क्षणभर वेळ घेतला.

"नक्की गाणंच पळतंय ना?" ती म्हणाली. "का या गाडीच्या स्पीकरचा पट्टा ओढून बसवलाय?"

"फोनवर तीनदा ऐकलंय. तेव्हाही पळत होतं."

"तेव्हा छान म्हणालास."

"हो."

घरी आल्यावर ती आत गेली आणि एक कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन आली. पेन्सिल तिची नव्हती, बायकोच्या किराणा यादीची, दोऱ्याने बांधलेली.

"लिहून दे," सई म्हणाली. "आणि खोडायचं नाही."